ओंजळ नको

कळंब, फेब्रुवारी १९६२

प्रिय सत्यशीला,

पोरी, आपल्या दोघींच्या घरांत एक भिंत, तरी मला कागद घ्यावा लागला. कापसाच्या जिनात कामाला जाताना तू आता मागच्या बोळातून जातेस. मी दुकानांच्या पाट्या वाचून अक्षरं शिकले आणि तुला गिरवून दिली. म्हटलं, त्या अक्षरांपासून तरी तुला पळता येणार नाही.

जीव बरा आहे. नागपूरला उजवी छाती काढली, मग विजेचे शेक दिले, तिथली कातडी अजून भाजल्या वांग्यासारखी आहे. तो हात खांद्यावर जात नाही. मुकादम देवीलालनं मला यंत्रावरून काढून खराब कापूस वेचायला बसवलं. राग आला, पण पचला. बोटं माझी शाबूत आहेत.

पचला नाही तो रांजणाचा. तू तेव्हा लहान होतीस. जिनात आपल्या वस्तीच्या बायांना पाणी वरून ओतायचे. आपण वाकून ओंजळ धरायची, अर्धं पोटात, अर्धं लुगड्यात. दीक्षा घेऊन आलो त्याच हंगामात तुझ्या मायनं, प्रभावतीनं, रांजणात स्वतः गडवा बुडवला, प्याली आणि माझ्या हातात दिला. बाकीच्या बाया काम टाकून उठल्या. तहान लागली तशा परतल्याही, त्याच रांजणावर.

आणि आता मी दुखण्यातून उठून आले तर माझा गडवा वेगळा. तांड्यावरच्या बिजलीबाईनं नाही ठेवला, ती माझ्या चंचीतली सुपारी खाते. ठेवला आपल्याच, पंचशील म्हणणाऱ्या बायांनी. कॅन्सर उष्ट्यातून लागतो म्हणे. डॉक्टरांनी सांगितलं, हा रोग माणसाचा माणसाला लागत नाही. तुझे मौसाजी माझ्याच ताटात जेवतात. हे सगळं सांगितलं, तर माना हलवल्या आणि सरकून बसल्या. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय. गाडलेला विटाळ यांनी रोगाचं नाव देऊन उठवून बसवला.

त्यांच्यावर मी कागद खर्चला नसता. सोमवारी घसा सुकला म्हणून मी तो वेगळा गडवा न घेता रांजणाशी गेले आणि तू मधे उभी राहिलीस. खाली बघत म्हणालीस, "मावशी, ओंजळ धरा. वरूनच घ्या पानी." मी वाकले. उजवा हात उचलेना, पाणी कोपरावरून लुगड्यात गेलं. प्रभावतीच्या पोरीच्या हातचं पाणी, तेही वरून. घोट न घेता मी फिरले, ते तू पाहिलंस.

तुझ्या मांडीवर तान्हं आहे, भीती वाटणारच. भीतीचा मला राग नाही, तिच्यापुढे मान तुकवल्याचा आहे. उद्या मी रांजणात डाव्या हातानं गडवा बुडवीन, पिईन आणि तुझ्यापुढे धरीन. तू तोंड फिरवलंस तर त्या जिनात मी पुन्हा पाय ठेवणार नाही. कॅन्सरनं सुटलं नाही ते काम तुझ्या हातानं सुटू नये, एवढ्यासाठी हा कागद. सकाळी पुढच्या दारानं ये. सोबत जाऊ.

तुझीच, अजून तहानलेली,
इंदूमावशी