बिब्बा उतलाय म्हणे

१२ जून १९९६, नगर
"छातीचं दुखणं बाईनं पदराखाली ठेवावं." मी तेरा वर्षांची असताना आई म्हणाली होती. धाकटी शालन दाराआडून ऐकत असावी, कारण तिनं ते तंतोतंत पाळलं. आज कोपरगावहून आली. चहा झाला. मग, "अक्का, जरा बघतेस?"

उजवी बाजू लाल, गरम, सुजलेली. कातडी मोसंबीच्या सालीसारखी. गाठ नाही.

सासूनं दुखण्यावर बिब्बा घातला होता. म्हणून सगळ्यांचं ठरलं, बिब्बा उतला, त्यानंच कातडी भाजून सुजली. तिथल्या डॉक्टरचंही तेच, लांबूनच बघून. तीळ-खोबरं वाटून लावा म्हणे.
"लाली आधी आली की बिब्बा आधी?"
"लाली."
एवढं विचारायला कुठली डिग्री लागते?

२० जून, पुणे
तुकडा तपासला. कॅन्सर. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या प्रकारात गाठ लागतेच असं नाही, कातडीतल्या बारीक वाहिन्या तुंबतात. मी सुजेचं विचारलं. म्हणाल्या, "सूज एरवी जखम भरायला येते. इथं भरायला आलेल्या पेशींतल्या काही रोगालाच पोसत असाव्यात. नक्की अजून कुणाला ठाऊक नाही." ठाऊक नाही म्हणणारा पहिला माणूस भेटला.
आधी इंजेक्शनं, मग ऑपरेशन, मग लाईट, म्हणजे किरणांचा शेक.

४ ऑगस्ट, कोपरगाव
दोन इंजेक्शनं झाली. केस गेले, लालीही बरीच गेली. शालनचे यजमान दत्ताराव शिंगणापूरला तेल वाहून आले, पेढे वाटले. "सूज उतरली म्हंजी रोग गेला, ताई. आता आनखी इख कशाला टोचायचं?" पेढ्याचा तुकडा दाढेत, तोंडावर विद्वत्ता. सासूबाईंचं त्याहून पुढं: "तीळ-खोबऱ्याचाच गुन हाय वो."
पुण्याला फोन लावला. बाई म्हणाल्या, उतरली म्हणजे औषध लागू पडतंय. आत्ता थांबलात तर दुप्पट जोरानं उलटेल.

८ ऑगस्ट
शालन भाकऱ्या थापत होती. डोक्याला टॉवेल. मी म्हटलं, रोग आत आहे अजून.
"तुला लई कळतं. घरात आत्ता कुठं हसत्यात सगळी, अक्का. परत उलट्या काढू व्हय त्यांच्यापुढं?"
तिच्या हाताला पीठ होतं, मी तसाच धरला. ओढून नाही घेतला.

उद्या तिसरं इंजेक्शन. दत्ताराव नाही म्हणतील, सासूबाई नाही म्हणतील, आणि माझी शालन त्या दोन शहाण्यांच्या तोंडाकडं बघून नाही म्हणेल. तरी जेवताना सगळ्यांसमोर म्हणणार आहे: शालन, सकाळच्या एस.टी.नं माझ्याबरोबर पुण्याला चल.