चार कोटी अंकांची बाकी

१७ सप्टेंबर

लावली! आजपासून संख्या संगणकावर लावली. दोनाचा घात चौदा कोटींच्या घरातला, त्यातून एक वजा. चार कोटींच्या वर अंक. मूळ निघाली तर जगातली सगळ्यात मोठी मूळ संख्या, आणि शोधणारा कोण — देविदास राठोड, विनाअनुदानित गणित शिक्षक, मुक्काम कुरुंदा. सत्काराचं भाषणही ठरवून टाकलं. शाल मला शोभत नाही, नारळ चालेल.

२० सप्टेंबर

आई म्हणाली, "हे दिवसरात काहून चालू हाय?" सांगितलं — चार घ्यायचे, वर्ग करायचा, दोन वजा करायचे, आपल्या संख्येनं भागून बाकी तेवढी ठेवायची. मग त्या बाकीचं पुन्हा तेच. चौदा कोटी वेळा. शेवटी बाकी शून्य आली की संख्या मूळ.

"शून्यासाठी एवढा कुटाणा?"



२८ सप्टेंबर

रुपा तलाठ्याच्या परीक्षेला बसून राहिली आहे. पेपर संगणकावर असतो, म्हणून सरावाला संगणक मागत होती. म्हटलं, दुसरं काही उघडलं की माझा वेग पडतो. "बराबर," म्हणाली आणि मोबाईल घेऊन पायरीवर जाऊन बसली. बायको समजूतदार मिळाली.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

बाहेरून आलो तर संगणक बंद! वर झेंडूचा हार, शेजारी विळा, कुदळ आणि रुपाची पुस्तकं. आई म्हणे, आज हत्यारं चालवत न्हाईत. थयथयाट केला. हिशेब जिथं थांबला तिथूनच पुढं सुरू होतो, हे मीच विसरलो होतो. रुपानं आठवण करून दिली. मग गुपचूप नमस्कार केला.

१० ऑक्टोबर

वर्गात सांगितलं, अशा संख्येचा घातांक मूळ असावाच लागतो. माझा आहे. पण तेवढं पुरत नाही. अकरा मूळ आहे, तरी दोनाचा अकरावा घात वजा एक म्हणजे २०४७ — तेवीस गुणिले एकोणनव्वद. पोरांना हे दात काढून सांगितलं आणि घरी आल्या आल्या संगणकासमोर जाऊन बसलो.

७ नोव्हेंबर

रुपाचा पेपर. नांदेडला सोडायला मी जाणार होतो, पण लाईट सारखी जाऊन-येऊन राहिली होती. संगणकाजवळ कुणीतरी पाहिजे ना. ती एकटीच गेली.

१६ डिसेंबर

बाकी शून्य नाही. संख्या संयुक्त. आणि कशानं भाग जातो ते ही चाचणी सांगत नाही. जातो, एवढंच.

तीन महिने लहान लेकरासारखं सांभाळलं. भिंतीकडं तोंड करून पडलो, जेवलो नाही. रुपा पाठीवर हात फिरवत म्हणाली, "दुसरी लावा की." तिनं शिरा केला होता. तो मात्र दोनदा घेतला.

१८ डिसेंबर

शाळेत इतिहासाचे भावसिंग सर हात पुढं करून म्हणाले, "अभिनंदन." मी म्हटलं, "काहून डिवचून राहिले सर? न्हाई निघाली मूळ."

"कोण मूळ? वहिनी तलाठी झाल्या न्हवं. परवाच निकाल लागला."

घरी येऊन रुपाला विचारलं, मला सांगितलं काहून नाही?

"त्या दिवशी तुमालाच लई तकलीफ होती," म्हणाली.