नोंदवहीतला जन्माचा रकाना

चि. भाविकास,
आशीर्वाद. रागात दिलेले असले तरी आशीर्वादच समज.

"बाबांना आता गावची हवा मानवेल गो ताई," असं तू फोनवर म्हणालास. बारा वर्षं कल्याणात त्यांनी तुझी दोन्ही मुलं वाढवली, तेव्हा तिथली हवा अमृततुल्य होती. अंथरूण धरल्यावरच मुरबाडची हवा मानवते, हे कोणत्या शास्त्रात वाचलंस?

परवा गोदूकाकीच्या मृत्यूची नोंद करायला ग्रामपंचायतीत गेले होते. वहीत यंदा नऊ मृत्यू आहेत, जन्म एकही नाही. तिथला शिपाई लडकू म्हणाला, "पोरं तिकडं जल्मतात आन् म्हातारी मराया इकडं धाडतात. आपला गाव हाय का मसणवटा, बाई?" आयुष्यभर संस्कृत शिकवलेली मी, जन्माच्या कोऱ्या रकान्याकडे बघत सही केली आणि उठले.

काल बाबांनी मला हळूच फोन केला. "मला तिकडं गावाला नको बोलवू गो संजू. नात शाळेतून आली का पयली माज्यापाशी येते."

हे पत्र टाकणार नाही. माझं अक्षर तुला लागत नाही, नेहमीसारखं तू ते बाबांकडूनच वाचून घेशील. उद्या मीच येते आणि तुझ्या तोंडावर बोलते.

तुझी थोरली बहीण,
संजीवनी