बिनमोरचुदाची खळ

ता. ७ सप्टें. १९३१, सोम.
पावसाळाभर बंद असलेलं तिसरं कपाट आज उघडलं. दार फुगलेलं, खांदा लावावा लागला. आत स्पिरिटमधल्या चाळीस बाटल्या आणि एकीवरही लेबल धड नाही. झुरळांनी खळ खाल्ली, खळीबरोबर कागद. कुठे कोपऱ्यात नुसती माझी वेलांटी उरली आहे. आतले किडे शाबूत, बाहेर त्यांचं गाव खल्लास. हसावं की रडावं.

चूक माझीच. पेन्सिलीने लिहिलेली चिठी किड्याबरोबर बाटलीतच सोडायची, हा आमच्या संग्रहालयाचा जुना रिवाज. गेल्या साली बडे पाहुणे यायचे होते. मी पिवळ्या पडलेल्या चिठ्या काढून फेकल्या आणि वळणदार अक्षरात बाहेरून लेबलं डकवली. हौस नडली.

ता. ८, मंगळ.
खळीत मोरचूद घालावा, म्हणजे झुरळ लागत नाही, हे कुठल्याही बाइंडराला ठाऊक. मलाही होतं. पण खळ शिजली घरी. सौ. म्हणाली होती, "भाताच्या पातेल्यात विष शिजवायचं नाही. हवं तर त्या अजबखान्यात चूल मांडा." मी निमूट बिनमोरचुदाची खळ नेली. आज तिला झालेलं सांगितलं, तर म्हणते, "मग दुसरं पातेलं आणायचं होतंत."

ता. १०, गुरु.
बोटीच्या टपालाने मुंबईच्या संग्रहालयातल्या कीटकतज्ज्ञ डॉक्टरांचं पत्र. पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीने त्यांना एका बाटलीतली थोडी वाळवी पाठवली होती, 'ठिकाण मागाहून कळवतो' असं लिहून. ते लिहितात, ही लांब नाकाची जात आजवर कुणी नोंदलेली नाही. गाव नक्की असेल, तर जातीला गोळा करणाऱ्याचं नाव देऊ. खाली आणखी एक ओळ: तिकडे नोंदी नीट राहत नसतील, तर सगळा संग्रह मुंबईस हलवावा असं वरिष्ठांचं मत आहे. म्हणजे मी आणि सखाराम दोघेही घरी.

गोळा करणारा सखारामच. आमचा पट्टेवाला. माझ्याआधीपासून इथे आहे.

रजिस्टर काढलं. माझ्याच हातची एक ओळ: 'वाळवी, ३ बाटल्या. केळशी, हेदवी, मंडणगड. सखाराम.' कुठली बाटली कुठली, ते फक्त लेबलावर. तीन ओळी लिहायला काय हात झिजले असते...

ता. ११, शुक्र.
सखारामला नावाचं सांगितलं. मग तिन्ही बाटल्या पुढे ठेवल्या. लांब नाकवालीवर त्याने लगेच बोट ठेवलं. "ही मंडणगडची, मास्तर. आमच्या बांधावरच्या आंब्याची."
नक्की?
"गावचा मानूस गावची वाळवी वळखायचा नाय?"

मंडणगड त्याचं गाव, म्हणून तर शंका. नावाचं आधी सांगायला नको होतं. अक्कल उशिराच येते.

संध्याकाळच्या बोटीने तो गणपतीला गावी गेला. बाणकोटला उतरून पुढे पायी, सुजलेल्या गुडघ्याने. तिथली ताजी वाळवी आणायला बरोबर थोडं स्पिरिट घालून बाटली दिली. "घेऊनच येतो," म्हणाला.

ता. १४, सोम.
कपाट पुसलं. बाटल्यांतलं स्पिरिट दोन बोटं उतरलंय. आबकारीचा परवाना अजून नाही, भर कशाची घालू. ज्यांची गावं पक्की आठवली त्यांच्या चिठ्या लिहून आत सोडल्या. उरलेल्या तशाच. दुपारनंतर कंबरेने जवाब दिला.

ता. १८, शुक्र.
डॉक्टरांचं दुसरं पत्र. उत्तर का नाही?

कंटाळलो. लिहिलं: 'ठिकाण मंडणगड, नक्की.' जाऊन टपालात टाकलं. सौ.ने विचारलं, "सापडलं का?" हो म्हटलं. संग्रह इथेच राहील, सखारामचं नाव लागेल, माझीही उरलेली वर्षं निभतील. सगळं खरं. पण 'नक्की' कशाला लिहिलं...

ता. २२, मंगळ.
सखाराम आला. बाटली भरलेली. आतली वाळवी भिंगाखाली धरली. चिमट्यासारख्या जबड्याची, नेहमीची.
"सगळा बांध उकरला. नाकवाली नाय गावली." मग खालीच बसला, गुडघा चोळत. "मास्तर, खरं सांगू? ती हेदवीची असंल. नायतर केळशीची. मला आठवत नाय. नाव लागतंय म्हटल्यावर तोंडात गावच आलं. तुमी तसं लिवू नका."

पत्र गेलं, हे माझ्याने सांगवेना. चहा घे म्हटलं.

ता. २३, बुध.
सकाळी नवं पत्र लिहायला बसलो. 'कृ. सा. न. वि. वि. मागील पत्रात कळविलेले ठिकाण' इथवर आलो. पुढे काय लिहायचं ते माहीत आहे. लिहिलं की कपाटं बोटीवर चढणार, हेही.

सखाराम त्याची बाटली घेऊन आला. चिठी करून द्या म्हणे. 'मंडणगड. सप्टें. ३१. सखाराम.' माझा हात सवयीने खळीच्या वाटीकडे गेला. त्याने चिठी काढून घेतली, बूच उघडलं आणि आत सोडली.
"भायेर नको," म्हणाला.

मग टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. वाचता येत नाही त्याला. "मुंबैचं काय? आठवत नाय म्हणून लिवलंत ना?"

लिहितोय, म्हटलं.