घागरीखालची मान

सोमवार, ३ मार्च
सुमीची मान आजबी तशीच. डोळे मिचकावते, मानेला हिसका, घशातून हुक्. नऊ वर्साची नात माझी, हे सुरू होऊन चार महिने झाले. मास्तरनं वर्गाबाहेर काढलं. गौतम म्हणला, शनिवारी डागवाला येतोय, मानेवर तापला विळा लावला की थांबंल. पोरीचा बाप हाय, त्याचंच चालायचं. माझ्याबी पोटावर लहानपणीचा डाग हाय.

मंगळवार, ४
टँकर आला. सुमीनं भरली घागर डोक्यावर घरापत्तोर आणली. मान हलली न्हाई, थेंब सांडला न्हाई. सून म्हणली, "बघा आत्याबाई, नाटकी हाय तुमची नात." मलाबी तसंच वाटलं.

बुधवार, ५
सवय मोडावी म्हणून दिसभर रिकामी घागर पोरीच्या डोक्यावर ठेवली. उतरवली अन् हिसक्यावर हिसके. रडत म्हणली, "आजी, आत खाजवल्यावानी होतं. मान हलवली की जरा बरं वाटतं."
अक्कल माझी. म्हातारी झाले फुकट.

गुरुवार, ६
बहिणीकडं जाते सांगून सुमीला लातूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. जिल्हा झालाय आता, उस्मानाबादपत्तोर जायची गरज न्हाई. डाक्तरीण पोरसवदा, पण नीट बोलली. याड न्हाई, नाटक न्हाई. मेंदूत खोल एक जागा हाय. कोणती हालचाल सोडायची, कोणती अडवायची ते तिथं ठरतं. सुमीचं अडवणं ढिलं हाय. म्हणजे आपल्या उदगीरच्या रेल्वेफाटकावर माणूस डुलक्या घेतो तसं, मी म्हणलं. हसली. कामात जीव घातला की घडीभर धरता येतं, पण लई कष्ट पडतात. रागावलं की वाढतं. मोठेपणी बऱ्याच पोरांचं कमी होतं, सगळ्यांचं न्हाई.
डागाचं विचारलं. पेन खाली ठेवला तिनं. "आजी, डाग मेंदूपर्यंत पोचत नाही. भीती पोचते."

शुक्रवार, ७
गौतमला सगळं सांगितलं. "मग घागरीखाली कशी गप राहते?" म्हणला. मी म्हणलं, खोकला दाबून धर अन् टँकरपत्तोर जाऊन ये. उठून गेला. डागवाल्याला नको म्हणून निरोप धाडला का, कळंना.

शनिवार, ८
न्हाई धाडला. डागवाला सकाळीच आला, विळा घेऊन. चुलीतला इस्तू मागितला. मी प्यायच्या पाण्याचे दोन तांबे चुलीत ओतले. सून ओरडली. डागवाला शेजारी इस्तू आणायला गेलाय.
उंबऱ्यात आडवी बसून लिहितेय. सुमी पाठीला चिकटून, तिचा हर हिसका मला लागतो. गौतम अंगणात उभा. व्हय बी म्हणंना, न्हाई बी म्हणंना.
शेजारच्या दाराची कडी वाजली.