सापघरातली शेगडी

आकुर्डी, १० डिसेंबर १९५६
पोचलो एकदाचा! मिरजेपेक्षा थंडी जास्त, पण हवा झकास. औषधासाठी विष काढायचे नाग इथे मडक्यांत ठेवतात, तोंडाला फडकं बांधून. थंडीत ते दगावतात, म्हणून खोली विजेच्या शेगडीनं उबदार ठेवायची. हे काम माझं, आणि खाटही त्याच खोलीत. बिल्किसला नुसतं ‘वायरमन झालो’ एवढंच कळवलंय, नाहीतर बाई माहेरून हलायची नाही.

१३ डिसेंबर
राखणदार सोनबाला शेगडीची ताकीद दिली. गावचा जुना शेतकरी, नागांना हात जोडूनच आत येतो. म्हटलं, बाबा, शेगडीवर गोणपाट वाळत घालू नका, मडकी लांब ठेवा, वायर भिजू देऊ नका. नाहीतर आग लागेल आणि सगळे जिवंत भाजतील. म्हाताऱ्याचा चेहराच उतरला.

२० डिसेंबर
शेगडी एकटी सोडायची नाही, म्हणजे मी झोपायचंच नाही! दिवसा वायरिंग, रात्री हे. जीव मेटाकुटीला आलाय. पहाटे एका मडक्याचं फडकं सैल दिसलं. मीच नीट बांधलं नसणार.

२६ डिसेंबर
पुन्हा सैल. या खेपेला तीन. भीती वाटते, पण डोळेच उघडे राहत नाहीत. साहेबांना सांगितलं तर म्हणतील, झोपा काढतोस काय.

३० डिसेंबर, उजाडताना
झोप लागली. वीज गेलीय, शेगडी गार. सगळी फडकी सुटलेली, मडकी रिकामी.

खिडकीतून सोनबाला विचारलं. म्हणाला, तुमीच म्हनला आग लागंल. आमी गोठ्यात आगटी पेटवली की जनावराचं दावं सोडतो, बांधलेलं जळून मरतं, लई पाप. मी जेवायला गेलो की हा रोज गाठी सोडून फडकी नुसती वर ठेवायचा, पहाटे मी पेंगलो की बांधायचा, घाईत एखादी गाठ राहायची. रोज! कुणी बाहेर आलंच तर शेगडीपाशी पडून राहायचं, काठीनं परत मडक्यात घालायचो, म्हणाला. गुणाची हायत.

साहेबांना आणायला पळालाय. मी खाटेवरच. शेगडीपाशी एकही नाही. तिथे ऊब कुठाय आता—

खोलीत गरम असा फक्त मी—

गोधडी पायांवर जड झालीय. हलायचं नाही. या अल्लाह, बिल्किस—

सोनबा हाका मारतोय. ओ कशी देऊ, मांडीपर्यंत आलं—