धुऱ्याचं पोट

बा, तू मेल्यावर तुझ्याशी भांडायची सोय राहिली नाही, म्हणून लिहून राहिलो. पाठवणार कुठंच नाही.

कोहमाऱ्याच्या ढाब्यावर भांडी घासली, मग नागझिऱ्यात पर्यटकांच्या गाड्यांवर हिंडलो, तिथं एका अस्वलानं... ते जाऊ दे. सध्या जमीन मोजणाऱ्या पोरांसोबत आहे. उपग्रहाकडून जागा घेणारी काठी मी शेताशेतांमधल्या धुऱ्यावर सरळ उभी धरतो, की पडद्यावर ठिपका उमटतो. तू म्हणायचास, "फिरस्त्याले घरचा रस्ता कोन सांगंल बे?" आता फिरणं हेच माझं काम आहे. बस ऐकत.

गेल्या आठवड्यात आपल्याच शिवारात काम निघालं. पडद्यावर खाली आभाळातून काढलेला फोटो, त्याच्यावर जुन्या मोजणीची पिवळी रेघ. आपल्या आणि काकाच्या धानाच्या बांधीमधला धुरा त्या रेघेवर बसेचना. काकाच्या बाजूला पोट काढून पसरलेला. मी म्हटलं, रेघच सरकली असेल, होते कधी कधी तसं. आमच्यातला जाणता पोरगा हसला. "सरकली तं सगळीच सरकंल ना बे. देवळाचा कोपरा पाहा, नहराचा पूल पाहा, सगळं जागेवर. तुमचाच धुरा कायले सरकंल?"

डोळ्यांसमोर लहानपण आलं. धान रोवण्याआधीचे दिवस आहेत. तू आपल्या बाजूनं फावड्यानं धुरा छिलतोस आणि मला म्हणतोस, "चिखल तिकडून थाप, पक्का होते." दरवर्षी हेच. आणि त्याच धुऱ्यावरून साऱ्या गावासमोर तू काकाला चोर म्हटलास. भिंतीला भिंत लागलेल्या दोन घरांचं बोलणं तुटलं. काकू वारली तेव्हा आई भिंतीआड रडत बसली, तुझ्या भीतीनं तिकडे गेली नाही. हे मी तुला कसं माफ करू?

काका काठी टेकत आला. "का गा, तुह्या डब्ब्यात काय दिसते?" मी सांगून टाकलं. म्हातारा हसायलाच लागला. "मी बी छिलत होतो ना बे! तुहा बाप दमदार, म्हनून धुरा इकडं आला." मग म्हणाला, "चोर तेवढं म्हनाले नाही पाहिजे होतं त्यानं."

त्याला हसू आलं, मला नाही आलं. छिलत दोघंही होते, चोर एकटाच ठरला.

काल रेघेवर चुना टाकला. उद्या धुरा फोडून तिथं नेणार. आईनं काकासाठी चहा मांडला. इतक्या वर्षांनी आपल्या ओसरीत त्याची बशी वाजली, आणि त्यासाठी तुला मरावं लागलं.

एक सांगतो. हिंडलो त्या साऱ्या जागांच्या खुणा माझ्या मोबाइलच्या नकाशात आहेत. 'घर' लिहिलेली खूण घरावर नाही. ती त्या धुऱ्याच्या पोटावर आहे, जिथं तू शिदोरी सोडून पहिला घास मला द्यायचास. उद्यापासून ती जागा काकाची. खूण मी अजून हलवली नाही.